सरळ पाऊल

लंडन शहराच्या पूर्वेस ऑल्डगेट नावाची एक गजबजलेली पेठ आहे. आगगाड्या सुरू होण्यापूर्वी परगावच्या घोडागाड्या तेथे येऊन थांबत, आणि वाटसरूंच्या मुक्कामासाठी त्या भागात अनेक उतारशाळा होत्या. त्यांपैकी ‘रेड लायन’ या उतारशाळेच्या मालकाच्या घरी ७ ऑगस्ट १८१० रोजी विल्यम जॉन लिटल याचा जन्म झाला. मूल नुकते चालू-बोलू लागले असेल-नसेल तोच त्याला एका दुखण्याने गाठले. आज ज्याला आपण पोलिओ म्हणतो तोच हा आजार होता, असे वैद्यकाचे इतिहासकार मानतात. मुलाचा जीव वाचला. परंतु डाव्या पायाचे काही स्नायू कायमचे निकामी झाले.

स्नायूला हाडाशी जखडणारी जी पांढरी, चिवट दोरी असते तिला कंडरा म्हणतात. टाचेच्या मागे बोट लावले असता पोटरीकडून खाली आलेली अशी एक जाड कंडरा सहज हाताला लागते. पायातील इतर स्नायू दुबळे झाले म्हणजे पोटरीच्या ओढीला विरोध उरत नाही. ही कंडरा आखूड होत जाते, टाच वर ओढली जाते आणि पाऊल आतल्या बाजूस वळते. विल्यमचे असेच झाले. त्याची टाच जमिनीला लागेना. शाळासोबत्यांनी त्याला लंगडे बदक असे नाव ठेवले. मुलांच्या थट्टेला दयामाया नसते, ती त्या काळीही नव्हती.

पुढे शिक्षणासाठी त्याला फ्रान्समधील सेंट ओमेर येथे धाडण्यात आले. तेथे त्याने फ्रेंच भाषा उत्तम आत्मसात केली. परत आल्यावर सोळा वर्षांच्या सुमारास तो ऑल्डगेटमधील एका औषधी वैद्याकडे उमेदवारीला राहिला, आणि १८२८ मध्ये लंडन हॉस्पिटलमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला. वैद्यकाचा मार्ग त्याने धरला त्यामागे एक खाजगी हेतू होता. आपले पाऊल सरळ करणारा इलाज या जगात कोठे तरी असला पाहिजे, आणि कोणी शोधीत नसेल तर तो आपणच शोधावा, असे त्याने मनाशी ठरविले होते.

लोखंडी पट्ट्या, चामड्याचे जोडे, ताणून बांधणे हे सर्व उपाय करून झाले होते. आखूड झालेली कंडरा कापली तर टाच खाली येईल, ही कल्पना कोणालाही सुचण्याजोगी होती. पण तसे करण्यास इंग्लंडमधील शस्त्रवैद्य धजत नसत, आणि त्यांना भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी जंतूंचे ज्ञान नव्हते. शस्त्रवैद्य न धुतलेल्या हातांनी आणि तशाच हत्यारांनी काम करीत. कातडी चिरून केलेली जखम बहुधा पिकेच. तो पू शरीरात भिनला तर पाय कापावा लागे, आणि पाय कापूनही रोगी वाचेलच असा भरवसा नसे. लंगडा का होईना, पण पाय आहे. तो सरळ करण्याच्या नादात प्राणच गेला तर काय, असा तो सरळ हिशेब होता.

या हिशेबाला छेद देणारी एक गोष्ट लिटल यांच्या वाचनात आली. फ्रान्समधील माँपेलिए येथील डेलपेक या शस्त्रवैद्याने १८१६ मध्ये एका मुलाच्या टाचेची कंडरा कापली होती. ती कंडरेच्या बाजूंनी छेद घेऊन कापली होती. जखम चिघळली, मुलगा बरा झाला, त्याचे पाऊलही सुधारले; पण डेलपेकवर इतकी टीका झाली की त्याने ही शस्त्रक्रिया पुन्हा केली नाही. त्याहीपूर्वी, १७६७ मध्ये, लंडनचे प्रख्यात शरीरशास्त्रज्ञ जॉन हंटर यांची स्वतःचीच टाचेची कंडरा आतल्या आत तुटली होती. वर कातडी शाबूत होती, म्हणून ती निर्वेध सांधली गेली. हंटर यांनी मग कुत्र्यांच्या कंडरा कातडीखालून तोडून त्या कशा जुळतात हे पाहिले. दोन तुकड्यांमधील फटीत प्रथम रक्त साकळते व पुढे तेथे नवा धागेदार पदार्थ तयार होऊन कंडरा पुन्हा अखंड होते. म्हणजे भीती कंडरेची नव्हती. भीती होती ती उघड्या जखमेची.

हे मर्म ज्याने ओळखले तो जर्मनीतील हॅनोव्हर शहराचा लुई स्ट्रोमायर. वयाने तो लिटल यांच्याहून केवळ सहा वर्षांनी वडील होता. १८३१ मध्ये त्याने एका तरुणाच्या टाचेची कंडरा कापली, ती मात्र वेगळ्या रीतीने. एक अरुंद, किंचित वाकडी सुरी त्याने कातडीला लहानसे भोक पाडून आत सरकविली, कंडरेच्या खालून नेली, धार कंडरेकडे वळविली आणि कंडरा ताणून धरून तिच्यावर दाब दिला. बाहेर दिसे ती टोचल्याएवढी खूण. ती बुजेपर्यंत काही दिवस पायाला विश्रांती आणि मग फळीला बांधून पाऊल हळूहळू ताणावयाचे, असा त्याचा क्रम होता. बाहेरची हवा आत शिरल्यामुळे जखम पिकते, अशी त्याची समजूत होती. कारण चुकीचे, पण उपाय बरोबर! जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत लिस्टर यांनी १८६७ मध्ये जगापुढे मांडली. तिच्या आधी छत्तीस वर्षे स्ट्रोमायरने कातडीलाच जखमेचे झाकण केले होते.

लिटल १८३४ मध्ये अधिक अध्ययनासाठी युरोपात गेले आणि बर्लिनला येऊन राहिले. तेथे विख्यात शस्त्रवैद्य डीफेनबाख होते. चेहऱ्याची व्यंगे सुधारण्यात, नवे नाक घडविण्यात त्यांचा हातखंडा होता. पण कंडरा कापण्याविषयी तेही साशंक होते. मोठमोठ्यांनी नाही म्हटले म्हणजे विद्यार्थी बहुधा गप्प बसतो. लिटल हॅनोव्हरला गेले. ६ जून १८३६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी आपला डावा पाय स्ट्रोमायरच्या स्वाधीन केला. बधिर करणारा ईथर शस्त्रक्रियेत येण्यास अजून दहा वर्षे होती. वेदना काही क्षणांचीच; खरी कसोटी पुढच्या दिवसांची होती. पाय सुजतो का, ताप भरतो का, याची वाट पाहत पडून राहावयाचे. वैद्यक शिकलेल्या माणसाला अशा वेळी अज्ञानाचाही आधार नसतो. काय काय बिघडू शकते हे तो पुरते जाणून असतो.

काहीच बिघडले नाही. जखम भरली, पाऊल सरळ होत गेले आणि टाच जमिनीला लागली.

स्ट्रोमायरने त्यांना केवळ बरे केले नाही, तर आपली विद्याही हातचे न राखता शिकविली. लिटल बर्लिनला परतले तेव्हा डीफेनबाख यांच्यासमोर वादविवाद करण्याची गरजच नव्हती. त्यांनी चालून दाखविले. डीफेनबाख यांचे मत पालटले व ते स्वतःही या शस्त्रक्रिया करू लागले. वाकड्या पावलावर लॅटिन भाषेत प्रबंध लिहून लिटल यांनी १८३७ मध्ये बर्लिनची पदवी मिळविली, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत, लंडनला परतताच, इंग्लंडमधील अशी पहिली शस्त्रक्रिया केली. लवकरच त्यांच्या खटपटीने ब्लूम्सबरी चौकात व्यंगग्रस्तांसाठी एक रुग्णालय उभे राहिले. पुढे १८५६ मध्ये ते दुसऱ्या जागी हलले. योगायोग असा की, त्या जागेचे नाव हॅनोव्हर चौक!

नवे साधन हाती आले की त्याचा अतिरेक होतो. कातडीखालून कापणे इतके सोपे वाटू लागले की युरोपात जो तो सुरी सरसावू लागला. पॅरिसमध्ये पाठीचा बाक घालविण्यासाठी पाठीचे स्नायू कापले गेले. डीफेनबाख यांनी १८३९ मध्ये तिरळ्या डोळ्याचा स्नायू कापून यश मिळविले हे खरे. पण तोतरेपणा घालविण्यासाठी त्यांनी जीभही कापून पाहिली, आणि त्या उपचारापायी रोग्यांचे हालच झाले. लिटल या लाटेत वाहून गेले नाहीत. तान्ह्या मुलाचे पाऊल आधी हातांनी, हलक्या दाबाने सरळ करून पाहावे, असा त्यांचा उपदेश असे. आज जन्मतः वाकड्या पावलांच्या बाळांवर भारतासह जगभर डॉ. पॉन्सेटी यांच्या पद्धतीने उपचार होतात. त्यातही दर आठवड्याला नवे प्लॅस्टर घालून पाऊल क्रमाक्रमाने वळवितात, आणि टाच तेवढी खाली येत नसेल तर बारीक छिद्रातून कंडरा कापतात.

लिटल यांच्या रुग्णालयात अशीही मुले येत, ज्यांचे पाय कापऱ्या किंवा ताठर स्नायूंमुळे एकमेकांत अडकत. त्यांच्या मातांना लिटल बाळंतपणाविषयी बारकाईने विचारीत. बाळ दिवसांपूर्वी जन्मले होते का, जन्मताच रडले होते का, अशी ती चौकशी असे. या टिपणांवरून १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतिविद्यामंडळापुढे त्यांनी असे मांडले की, या मुलांचे मूळ दुखणे पायात नसून जन्मसमयी मेंदूला झालेल्या इजेत आहे. अनेकांना ते पटले नाही. हा विकार दीर्घकाळ लिटलचा रोग म्हणून ओळखला गेला. आज त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूची इजा पुष्कळदा जन्मापूर्वीच झालेली असते हे आता कळले आहे. पण पायाचे कारण मेंदूत शोधण्याची दिशा लिटल यांनीच दाखविली.

उतारवयात ते केंट परगण्यात वेस्ट मॉलिंगजवळ राहावयास गेले आणि तेथेच जुलै १८९४ मध्ये वारले. त्यांचे एक पुत्र म्यूरहेड लिटल हे १९१८ मध्ये ब्रिटिश अस्थिशल्यज्ञांच्या संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. दुसरा पुत्रही शस्त्रवैद्यच होता व त्याने चीनमध्ये शांघाय येथे काम केले. त्याचे नाव बापाने लुई स्ट्रोमायर लिटल असे ठेवले होते.