चालती शेतकीशाळा : जॉर्ज कार्व्हर यांचें चरित्र

जो शेतकरी कर्जांत बुडालेला आहे त्याला नवी रीत केवळ तोंडानें सांगून पटत नाहीं. एक हंगाम फसला तर त्याच्या मुलांबाळांवर उपासमारीची पाळी येते; म्हणून डोळ्यांनीं पाहिल्यावांचून तो जुनी वाट सोडीत नाहीं, व त्यांत त्याचा दोषही नाहीं. ही गोष्ट ज्यांनीं पुरतेपणीं ओळखली, अशा एका पुरुषाचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सादर करितों.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म अमेरिकेंतील मिसूरी प्रांतांत, डायमंड गांवाजवळ, सुमारें १८६४ सालीं एका गुलाम मातेच्या पोटीं झाला. ते तान्हे असतांनाच लुटारूंनीं मायलेकरांस पळवून नेलें. मूल परत मिळालें. आईचा पत्ता मात्र पुढें कधींच लागला नाहीं. मालक मोझेस कार्व्हर व त्यांची पत्नी सुसान यांनीं ह्या पोरक्या मुलास वाढविलें. प्रकृति अशक्त, म्हणून जड कामाऐवजीं घरकाम व बाग हींच त्यांच्या वांट्यास आलीं, आणि त्यांतूनच झाडांची पारख आली.

शिक्षणासाठीं त्यांनीं लहानपणींच घर सोडलें. कॅन्सस प्रांतांतील एका कॉलेजानें त्यांस प्रथम प्रवेश दिला. पण ते कृष्णवर्णी आहेत असें दिसतांच दारांतून परत लाविलें. तरी ते खचले नाहींत. लोकांचे कपडे धुऊन पोट भरीत ते १८९० सालीं आयोवांतील सिम्प्सन कॉलेजांत व पुढल्या वर्षीं एम्स येथील शेतकी कॉलेजांत शिकले. १८९६ सालीं तेथील वरची पदवी मिळवून, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामांतील टस्केगी विद्यालयांत शेतकी शाखेचे प्रमुख झाले.

तेथील जमीन एकट्या कापसानें निःसत्त्व झाली होती. ती कसणारे बहुतेक पूर्वीचे गुलाम व त्यांचीं मुलें. जमीन दुसऱ्याची, बीं उधारीचें, आणि पीक निघतांच तें सावकाराच्या घरीं! १८९७ सालीं प्रांतिक कायदेमंडळानें टस्केगीस प्रयोगक्षेत्र मंजूर करून सालिना १,५०० डॉलर नेमून दिले. कार्व्हर यांनीं तेथें गरिबाला परवडेल तेंच करून पाहिलें. विकतच्या खताऐवजीं रानांतील पालापाचोळा व दलदलीचा गाळ घातला. नांगरट खोल केली. कापसाच्या जागीं पाळीपाळीनें चवळी, रताळीं व भुईमूग लाविला. चवळी व भुईमूग यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र धरून ठेवितात, व त्यामुळें जमिनीचा कस वाढतो.

जें सिद्ध झालें तें त्यांनीं सोप्या भाषेंत छापून वांटलें. अशीं चाळीसांहून अधिक पत्रकें निघालीं. १९१६ सालच्या पत्रकांत भुईमुगाची लागवड व त्याचे १०५ खाद्यप्रकार दिले होते. परंतु ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांचें काय? त्यांच्यासाठीं १९०६ सालीं एक गाडी तयार झाली. न्यूयॉर्कचे मॉरिस जेसप यांनीं द्रव्य दिलें, म्हणून तिला जेसप गाडी म्हणत. तींत नांगर, कुळव, बियाणें व लोणी काढण्याचें यंत्र घालून ती गांवोगांव नेत, आणि शेतकऱ्याच्याच बांधावर काम करून दाखवीत. त्याच वर्षीं टस्केगीचे विद्यार्थी टॉमस कॅम्पबेल यांस सरकारी शेतकी खात्यानें ह्या कामावर नेमिलें. अशा जागेवर नेमिलेले ते पहिले कृष्णवर्णी होत.

येथें एक गोष्ट लपवितां येत नाहीं. पुष्कळ कुळांस नवें पीक पटलें तरी घेतां येईना. कारण सावकार कापसावरच उधार देई. ज्ञान मिळालें, पण हात बांधलेलेच राहिले. पुढें १९१० च्या सुमारास बोंडें पोखरणारा सोंडकिडा अलाबामांत शिरला, तेव्हां कुठें जमीनदारांचेही डोळे भुईमुगाकडे वळले.

कार्व्हर यांच्याविषयीं कांहीं अतिशयोक्तीही पसरली आहे. शेंगदाण्याचें लोणी त्यांनीं शोधिलें असें सांगतात. तें खरें नव्हे. विद्यालयाच्या कोंबड्यांची व्यवस्था त्यांस नीट साधली नाहीं, म्हणून वॉशिंग्टन यांचा ठपकाही त्यांनीं सोसला. ह्यानें त्यांची थोरवी कमी होते असें आम्हांस वाटत नाहीं. पगारवाढीचा त्यांस लोभ नव्हता. रविवारीं ते विद्यार्थ्यांस पवित्र शास्त्र शिकवीत, व रानांतील पानाफुलांत देवाची कृति पाहत. आपली जन्माची शिल्लक संशोधनासाठीं देऊन ता. ५ जानेवारी १९४३ रोजीं टस्केगी येथेंच त्यांनीं देह ठेविला.

आपल्या उपदेशकबंधूंनींही हें ध्यानांत धरावें. परसांतील एक वाफा चांगला करून दाखविला, तर पाहणारा शेजारी न बोलावतां बांधावर येईल. आणि तो आला म्हणजे त्याच्या अडचणी आधीं ऐकून घ्याव्या.