झाडूला हार घालणारा नगररचनाकार

शहराच्या विकास आराखड्याची सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापून येते. आपल्या वस्तीतले किती जण ती वाचतात? बुलडोझर दारात उभा राहतो तेव्हा कळते की, आपण तीस वर्षे राहतो ती जागा नकाशात हिरव्या रंगाने रंगवलेली आहे, तिथे उद्यान होणार आहे. हरकत घेण्याची मुदत तर केव्हाच संपलेली असते! आराखडा म्हणजे इंजिनिअर साहेबांचे काम, आपल्याला त्यातले काय कळणार, अशी आपलीच समजूत करून दिलेली आहे. ही समजूत चुकीची आहे असे शंभर वर्षांपूर्वी याच देशात फिरून सांगणारा एक माणूस होता. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील लष्करात नोकरीला होते. लंडनमध्ये हक्सले या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले, परंतु विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. तरीही १८८८ पासून डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८७९ साली मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकाचे काम सुटले आणि झाडापानांचा अभ्यासक माणसांच्या वस्त्यांकडे वळला.

१८८६ साली त्यांचे ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले. त्यानंतर हे जोडपे चांगल्या मोहल्ल्यात घर न घेता एडिंबरोच्या जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट या गलिच्छ वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन बोळ झाडले, भिंतींना रंग दिला, मोकळ्या तुकड्यांवर बागा केल्या, पडकी घरे दुरुस्त केली. वस्ती सुधारायची तर वस्तीत राहावे लागते, हे त्यांनी आधी स्वतः करून पाहिले. आपल्याकडचे किती अधिकारी ज्या झोपडपट्टीचा आराखडा करतात तिथे एक रात्र काढतात?

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन दुसऱ्या जहाजातून येत होते, ते एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. आयुष्यभर जमवलेले नकाशे व चित्रे समुद्राच्या तळाशी गेली. मित्रांच्या मदतीने त्यांनी नवे प्रदर्शन उभे केले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला भरवलेही. पुढे तंजावर, मदुरा, बलरामपूर, लखनौ, लाहोर, बडोदा, इंदूर अशा अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले.

त्या काळी शहर सुधारणे म्हणजे दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढणे. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याचाही खाक्या हाच होता. पाडलेल्या घरातली माणसे शेजारच्या वस्तीत घुसत, तिथली गर्दी वाढे आणि रोगराईही वाढे. गेडिस यांनी गल्ल्या पायी हिंडून दाखवून दिले की, चारदोन मोडकी घरे काढली, पडीक जागा मोकळी केली, विहीर साफ केली, एखादे झाड लावले तर तीच वस्ती कमी खर्चात राहण्याजोगी होते. आधी पाहणी आणि मग आराखडा, हा त्यांचा नियम होता.

इंदूरला त्यांनी जे केले ते आपल्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे. शहरात प्लेग होता. गेडिस यांनी दरबाराकडून एका दिवाळीच्या मिरवणुकीचा अधिकार मागून घेतला. मिरवणूक नेहमीच्या मानाच्या रस्त्याने न जाता, ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत स्वच्छ असतील तिथून जाईल असे जाहीर केले. गाड्याच्या गाड्या भरून कचरा निघाला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत घाणीच्या राक्षसाची आणि प्लेगच्या उंदराची प्रचंड सोंगे होती. आणि त्याच मिरवणुकीत नवे पांढरे कपडे घातलेले सफाई कामगार चालत होते. त्यांच्या झाडूंना फुलांचे हार होते. ज्यांची सावलीही चालत नव्हती, त्यांना शहराने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पाहिले. महू तिथून हाकेच्या अंतरावर!

परंतु आम्ही भाबडेपणाने हार घालणार नाही. दुसऱ्या दिवशी झाडू त्याच हातात राहिला. जातवार वसलेल्या पेठा आणि मोहल्ल्यांकडे गेडिस आपुलकीने पाहत, पण त्या मोहल्ल्यांभोवतीची न दिसणारी भिंत त्यांच्या अहवालांत आम्हाला हवी तितकी दिसत नाही. पुरावा पाहा. १९१६ साली त्यांनी बडोदा शहराच्या वाढीचा अहवाल दिला. १९१७ च्या सप्टेंबरात बाबासाहेब त्याच बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. विलायतेत शिकलेल्या या माणसाला त्या शहरात एक खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन हाकलण्यात आले आणि शेवटी त्यांना बागेत झाडाखाली बसावे लागले. रस्ते, बागा, मोकळ्या जागा यांचा हिशेब नकाशात मांडता येतो. कोणाला घर द्यायचे नाही, याचा हिशेब मात्र घरमालकाच्या डोक्यात असतो.

१९१७ हे गेडिस यांनाही जड गेले. थोरला मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर पडला आणि त्याच वर्षी ॲना यांचे हिंदुस्थानातच आजारपणात निधन झाले. तरी ते थांबले नाहीत. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्राध्यापक तेच. तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते आणि परळला ट्रस्टच्याच चाळीत राहत होते. १९२४ साली गेडिस फ्रान्सला गेले. १९३२ साली सरकारने त्यांना सर ही पदवी दिली आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा पाहणीचा नियम मात्र आपल्या कायद्यात आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आराखड्याआधी जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा तयार करावा लागतो. आपली वस्ती त्या नकाशात वस्ती म्हणून लागली की रिकामी जमीन म्हणून, हे तिथेच ठरते. महापालिकेत किंवा नगर परिषदेत जाऊन तो नकाशा मागावा, आपली गल्ली त्यावर बोटाने शोधावी, सोबत दोन शिकलेली पोरे न्यावीत. हरकत साध्या कागदावरही लिहून देता येते. पोच घ्यायला विसरू नये. आणि मुदत सूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, ती आपल्याला समजल्यापासून नव्हे.