जन्मतः मन कोरेच असते : जॉन लॉक



मूल जन्माला येते तेव्हा त्याच्या मनात काय असते? देव, पाप-पुण्य, उच्च-नीच या कल्पना ते सोबत आणते, की आपण त्या शिकवतो? या प्रश्नाचा सुमारे अठरा वर्षे विचार करणाऱ्या एका इंग्रज तत्त्ववेत्त्याचे चरित्र आपण समजून घ्या.

जॉन लॉक यांचा जन्म २९ ऑगस्ट १६३२ रोजी रिंग्टन या खेड्यात झाला. वडील साधे वकील होते. लॉक ऑक्सफर्डला शिकले, वैद्यकाचाही अभ्यास केला. १६७१ साली मित्रांशी चाललेली चर्चा अडली, तेव्हा त्यांना वाटले, आधी आपल्या बुद्धीची धाव कोठवर आहे ते तपासावे. पुढे राजाच्या रोषामुळे १६८३ साली त्यांना हॉलंडला आश्रय घ्यावा लागला. १६८९ साली ते मायदेशी परतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मानवी बुद्धीवरील त्यांचा ग्रंथ बाहेर पडला.

त्या काळी पुष्कळ विद्वान सांगत की काही तत्त्वे उपजतच मनावर कोरलेली असतात. लॉक यांनी विचारले, मग तान्ह्या मुलाला ती ठाऊक का नसतात? देशोदेशींची नीती वेगळी का? त्यांच्या मते मन हे कोरा कागद आहे. इंद्रियांच्या अनुभवातून आणि मनाने स्वतःचे व्यापार न्याहाळण्यातून त्यावर साध्या कल्पना उमटतात. त्या जोडून मन मोठ्या कल्पना रचते. ज्याने अननस चाखला नाही, त्याला नुसत्या शब्दांनी त्याची चव कळणार नाही.

आता पुढचे नीट ध्यानात घ्या. लॉक बजावतात की लहानपणी दाईने सांगितलेली भाकडकथाही कालांतराने पवित्र तत्त्व होऊन बसते. एखादे तत्त्व उपजत मानले की माणूस ते तपासत नाही, आणि गुरू म्हणवणाऱ्यांची सत्ता त्याच्यावर चालते.

परंतु हेच लॉक गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचे भागधारक होते. गुलामांवर मालकाला संपूर्ण सत्ता देणाऱ्या कॅरोलिना वसाहतीच्या १६६९ च्या घटनेच्या कामातही त्यांचा हात होता. २८ ऑक्टोबर १७०४ रोजी ते वारले. त्यांचा विचार घ्या. पण त्यांनाही त्यांच्याच कसोटीवर घासून पाहा.

आपल्या घरातील मुलाच्या कोऱ्या कागदावर पहिली अक्षरे आपणच लिहीत असतो. ती कोणती लिहायची, हे आज ठरवा.