सावल्यांना आकडे देणारे हाउन्सफील्ड

यकृतात गाठ असल्याच्या संशयावरून अकोला किंवा अमरावती येथे सीटी स्कॅन काढला, की अहवालात बऱ्याचदा एखाद्या आकड्यापुढे एच.यू. ही अक्षरे आढळतात. मेळघाटातून किंवा दर्यापूर-अकोटकडच्या खेड्यांतून रुग्णाला घेऊन आलेल्या नातेवाइकाला त्यांचा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही. ही अक्षरे म्हणजे हाउन्सफील्ड एकक. ज्यांच्या नावाने हे एकक ओळखले जाते ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते. शेतावर वाढलेले अभियंते होते.

त्यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातील नेवार्क येथे झाला. पाच भावंडांत ते धाकटे. शेतावरील यंत्रे हेच त्यांचे पहिले विद्यालय. गवताच्या गंजीवरून स्वतः बनविलेल्या ग्लायडरने उडी घेणे, डांबराच्या पिंपात पाणी भरून ते ॲसिटिलीन वायूच्या जोरावर किती उंच उडते हे पाहणे, असे त्यांचे जीवघेणे उद्योग चालत. शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान सोडले तर त्यांचे मन कशात रमले नाही.

दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात रडारचे तंत्र शिकले व शिकवू लागले. पुढे लंडनच्या फॅरडे हाउसमधून अभियांत्रिकीची पदविका घेऊन १९५१ मध्ये ते ईएमआय कंपनीत रुजू झाले. तेथे ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. नंतर संगणकाच्या स्मृतिकोशाचा त्यांचा एक प्रकल्प मात्र व्यापारीदृष्ट्या परवडणारा नसल्याने गुंडाळण्यात आला, आणि नवे काम शोधण्याची मोकळीक त्यांना मिळाली. वैद्यकाच्या दृष्टीने ते अपयश मोठे भाग्याचे ठरले.

साध्या क्ष-किरण चित्रात शरीरातील सारे अवयव एकमेकांवर पडलेल्या सावल्यांसारखे दिसतात. एकाच छेदातून अनेक कोनांनी किरण पाठवून प्रत्येक वेळी किती किरण शोषले गेले ते मोजले, तर आतील प्रत्येक बिंदूची घनता गणिताने काढता येईल, हे १९६७ मध्ये हाउन्सफील्ड यांना सुचले. पहिला प्रयोग जुन्या लेथच्या सांगाड्यावर झाला. २८ हजार मोजमापे घेण्यास नऊ दिवस लागले आणि त्यांचे चित्र करण्यास संगणकाला अडीच तास! ईएमआयला बीटल्सच्या गाण्यांतून मिळालेल्या पैशावर हे यंत्र झाले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात खर्चाचा मोठा वाटा ब्रिटनच्या आरोग्य खात्याने, म्हणजे सरकारी तिजोरीने उचलला होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात डॉ. जेम्स ॲम्ब्रोज यांच्या देखरेखीखाली एका महिलेच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले व त्यात गाठ स्पष्ट दिसली.

डोके स्थिर ठेवता येते. यकृत मात्र प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होते. त्यामुळे पोटाकडे वळण्यास आणखी काही वर्षे लागली. १९७५ च्या सुमारास श्वास रोखून धरण्याइतक्या वेळात एक छेद घेणारे संपूर्ण शरीराचे यंत्र त्यांनी सिद्ध केले. चाचणीसाठी ते स्वतःही यंत्रात झोपले.

त्यांच्या नावाने पुढे रूढ झालेल्या मोजपट्टीवर पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर आणि निरोगी यकृत साधारण ५० ते ६० च्या आसपास येते. यकृतातील साधी पाण्याची गाठ शून्याच्या जवळ राहते, म्हणून ती चटकन ओळखू येते. चरबी साठलेल्या यकृताचा आकडा घसरतो. कर्करोगाच्या गाठीचा आकडा मात्र अनेकदा भोवतालच्या यकृताच्या इतका जवळ असतो, की ती त्यात लपून राहते. अशा वेळी शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन तेच छेद पुन्हा पुन्हा घेतात. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रतिहारी शिरेतून मिळते, तर यकृतात उद्भवलेला कर्करोग मुख्यतः रोहिणीवर पोसला जातो. म्हणून औषध टोचल्यावर अर्ध्या मिनिटाच्या सुमारास तो उजळतो आणि यकृत उजळेपर्यंत फिका पडतो. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ कडेकडून आत सावकाश भरत जाते. आधीच सिऱ्होसिस असलेल्या रुग्णात हे उजळणे व फिके पडणे ठळक दिसले, तर तुकडा काढून तपासण्याची गरजही बहुधा उरत नाही. एक सेंटिमीटरहून लहान गाठीबाबत मात्र हे यंत्रही खात्रीने बोलत नाही. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी हाच तेथे मार्ग असतो.

पूर्वी पोट उघडल्याशिवाय गाठीचे स्वरूप अनेकदा कळत नसे. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. त्याआधी वऱ्हाडातील गरीब रुग्णाला अवघड दुखण्यासाठी नागपूर गाठावे लागे. त्या प्रवासाच्या शेवटी शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे कळणे, हा किती महागडा निष्कर्ष होता!

१९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉर्मॅक यांनी या पद्धतीचे गणित स्वतंत्रपणे आधीच मांडले होते. दोघांपैकी एकाजवळही डॉक्टरेट नव्हती. १९८१ मध्ये हाउन्सफील्ड यांना सर हा किताब मिळाला. ते अविवाहित राहिले. लांबवर पायी भटकणे आणि पियानो एवढेच त्यांचे छंद. पारितोषिकाच्या पैशातून त्यांनी घरातच एक प्रयोगशाळा थाटली. १२ ऑगस्ट २००४ रोजी, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला सोळा दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले.