डफ आणि आर्या : शाहीर रामजोशी

पेशवाईच्या उत्तरकाळात जे शाहीर महाराष्ट्रात गाजले, त्यांत सोलापूरच्या रामजोशीचे नाव अग्रभागी आहे. साधारणपणे १७६२ ते १८१२ हा त्याचा काळ मानतात. घराणे विद्वान ब्राह्मणाचे. मुलाचा ओढा मात्र तमाशाकडे. धोंडी शाहिराच्या फडात तो रमू लागला, तेव्हा वडीलबंधूंनी त्याला घराबाहेर काढले, असे परंपरा सांगते. पुढे पंढरपुरास राहून त्याने संस्कृताचे अध्ययन केले. एवढी विद्या मिळवून तो पोथीपुराणाकडे वळला नाही; त्याने पुन्हा डफच जवळ केला.

या अध्ययनाने त्याची लावणी पालटली. तिच्यात संस्कृतप्रचुर शब्दकळा आली, यमक-अनुप्रासांची झड लागली. शृंगाराबरोबर वैराग्याचाही सूर उमटू लागला. डफ-तुणतुण्याच्या साथीवर पंडिती भाषा खेळू लागली. रसिकांनी त्याला डोक्यावर घेतले. कर्मठांच्या लेखी मात्र ब्राह्मणाने फडात उभे राहणे हा अधःपातच होता. गाणे कितीही विद्वत्तेचे असो!

दुसरा पालट याहून मोठा. आर्या रचणारे कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीस राहत. त्यांनी रामजोशीची रचना ऐकली, तिची वाखाणणी केली आणि एवढी प्रतिभा ईश्वराच्या गुणगानास लावण्याचा उपदेश केला, अशी आख्यायिका आहे. रामजोशीने म्हणे डफ फोडला आणि तो कीर्तनास उभा राहिला. संगमनेरच्या अनंत फंदीबद्दलही असेच सांगतात. तेथे उपदेश अहिल्याबाई होळकरांचा.

या स्थित्यंतराकडे पुढे दोन दृष्टींनी पाहिले गेले. एका पक्षाला तो वाट चुकलेल्या विद्वानाचा उद्धार वाटला. दुसऱ्याला लावणीचा तोटा. आमच्या मते दोन्ही पक्ष अर्धाच रामजोशी पाहतात. मोरोपंतांची आर्या यमकांनी जडवलेली, वाचताना अवघड. ती कीर्तनातून लोकांच्या कानी पोहोचविण्याचे मोठे श्रेय रामजोशीकडे जाते, आणि ते काम त्याला साधले ते फडात कमावलेल्या गळ्यामुळे व कानामुळे. यमक कोठे टाकले की श्रोता डोलतो, हे तो लावणीत शिकला होता. तेव्हा उद्धार झाला असेलच, तर तो लावणीने आर्येचाही केला!

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फोडलेल्या डफाचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. पण त्या डफावर ज्यांचे पोट होते, त्या झीलकऱ्यांचा आणि नाचणारणींचा विचार ती आख्यायिका करीत नाही. कीर्तनाचा मान एकट्या शाहिराला मिळाला. फड होता तेथेच राहिला. १९४७ साली राजकमलच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या बोलपटात जयराम शिलेदारांच्या रामजोशीबरोबर हंसा वाडकरांची बयाही पडद्यावर आली. लोकांनी त्या चित्राला उदंड प्रतिसाद दिला, आणि सुशिक्षित घरांतही लावणी गुणगुणली जाऊ लागली.

कलावंताने सूर बदलला की आपण लगेच निवाडा देतो : सुधारला किंवा बिघडला. रामजोशीचे चरित्र सांगते की, नवा सूर जुन्याच्या खांद्यावर उभा असतो. कीर्तनकार रामजोशीपुढे हात जोडताना त्याला घडविणाऱ्या फडालाही नमस्कार करावयास हवा.