दक्षिण ध्रुवावरील छायाचित्रकार : लेफ्टनंट बॉवर्स

वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की आम्हां रायपूरकरांस बर्फाच्या गोष्टी गोड वाटाव्यात, यात नवल नाही. परंतु हेन्री रॉबर्टसन बॉवर्स याच्या चरित्राकडे आम्ही वळलो त्याचे कारण निराळे. दक्षिण ध्रुवावर उभ्या असलेल्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीचे जगभर गाजलेले छायाचित्र टिपणारा हा गृहस्थ रॉयल इंडियन मरीनचा, म्हणजे मुंबईच्या गोदीत जिचे मुख्य ठाणे होते त्या नौसेवेचा अधिकारी होता.

२९ जुलै १८८३ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे त्याचा जन्म झाला. वडील जहाजाचे कप्तान. ते लवकर वारले आणि आईने तिन्ही मुलांना वाढविले. व्यापारी जहाजांवर उमेदवारी करून १९०५ मध्ये बॉवर्स हिंदी नौसेवेत आला. ब्रह्मदेशात इरावतीवर, पुढे इराणच्या आखातात त्याने चाकरी केली. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, केस तांबडे आणि नाक पक्ष्याच्या चोचीसारखे. त्यावरून सोबती त्याला ‘बर्डी’ म्हणत. १९१० मध्ये स्कॉटने त्याला मुलाखतीवाचूनच घेतले, तेही जहाजावरील साठ्याचा हिशेब ठेवण्यासाठी. सरकारी नोकरीत साठ्याची नोंदवही सांभाळणाऱ्यास सहसा कोणी विचारीत नाही, हे आम्ही पुष्कळ वर्षे पाहत आलो आहोत. स्कॉटने मात्र त्याची कुवत ओळखली आणि त्याला किनाऱ्यावर उतरणाऱ्या तुकडीत घेतले.

मोहिमेबरोबर हर्बर्ट पाँटिंग हा व्यावसायिक छायाचित्रकार होता. बर्फातील छायाचित्रण हा खेळ नव्हे. श्वासाची वाफ भिंगावर गोठते, उघड्या धातूला कातडी चिकटते. पाँटिंगची जीभसुद्धा एकदा कॅमेऱ्याच्या धातूला चिकटली होती. काचेच्या पट्ट्या आणि जड सामान घेऊन ध्रुवापर्यंत जाणे त्याला शक्य नव्हते. म्हणून हिवाळ्यात त्याने स्कॉट, बॉवर्स आदी मंडळींना ही विद्या शिकविली. त्याच हिवाळ्यात विल्सन आणि चेरी-गॅरार्ड यांच्यासह बॉवर्स एम्परर पेंग्विनची अंडी आणावयास गेला. पारा शून्याखाली ६० अंश, भोवती ध्रुवीय रात्रीचा अंधार आणि वादळात उडून गेलेला तंबू! तो पुन्हा सापडला, म्हणूनच तिघे जगले. अंडी आली ती तीन.

ध्रुवावर चौघांनी जावयाचे, असा बेत होता. शिधा, तंबू, सारे काही चौघांच्या मापाने बांधलेले होते, आणि ते माप बॉवर्सइतके कोणास ठाऊक असणार? १९१२ च्या जानेवारीत, ध्रुव सुमारे पावणेतीनशे किलोमीटर उरला असता, स्कॉटने ऐनवेळी पाचवा माणूस घेतला. तो पाचवा बॉवर्सच. त्याच्या तुकडीच्या स्की मागे ठेवल्या गेल्या होत्या. इतर चौघे स्कीवर आणि हा पायी. हा निर्णय आम्हांस आजही उमगत नाही.

१६ जानेवारीस दूरवरचा काळा निशाणाचा ठिपका प्रथम दिसला तो बॉवर्सलाच. नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबरलाच ध्रुव गाठून गेला होता. पाचांची मने त्या क्षणी काय झाली असतील, हे त्यांचे चेहरेच सांगतात. छायाचित्रात मागे ओट्स, स्कॉट आणि एव्हान्स उभे आहेत. पुढे बॉवर्स आणि विल्सन बसले आहेत. शटरला बांधलेली दोरी बॉवर्सने ओढली, म्हणून टिपणाराही चित्रात आला. पराभवाची एवढी प्रामाणिक नोंद आमच्या पाहण्यात दुसरी नाही.

परतीच्या वाटेवर १७ फेब्रुवारीस एव्हान्स गेला. मार्चच्या मध्यास, सोबत्यांवर भार नको म्हणून, ओट्स वादळात तंबूबाहेर निघून गेला. जागोजागी पुरलेल्या डब्यांतील तेलही कमी भरले. उरलेले तिघे मोठ्या साठ्यापासून वीस किलोमीटरांवर वादळात अडकले आणि मार्चअखेर तेथेच निवर्तले. बॉवर्सचे वय अवघे अठ्ठावीस. शेवटी त्याने आईला पत्र लिहिले. स्कॉटनेही त्या माउलीस निराळे पत्र लिहून ठेवले.

१२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोध घेणाऱ्यांस तो तंबू सापडला. त्यांची गाडी ओढणारी खेचरे हिंदुस्थान सरकारने पाठविलेली, सिमल्यास तयार केलेली. नावे गुलाब, राणी, बेगम, लाल खान! स्लेजवर पस्तीस पौंड दगडही निघाले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीचे ठसे होते. या वनस्पतीचे अवशेष आपल्याकडच्या कोळशाच्या थरांत विपुल आढळतात, आणि त्या थरांना गोंडवनावरूनच नाव मिळाले आहे.

तंबूत फिल्मच्या दोन गुंडाळ्या होत्या. आठ महिने त्या बर्फात पडून होत्या. भूगर्भतज्ज्ञ डेबनहॅम याने त्या किनाऱ्यावरील झोपडीत धुतल्या. पाचही चेहरे स्पष्ट उमटले.