शिबिरात घडलेला डॉक्टर : यानुश कोर्चाक



यानुश कोर्चाक हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल ते त्यांच्या मृत्यूमुळे. अनाथ मुलांबरोबर स्वतःहून मरणाला सामोरा गेलेला पोलंडमधील डॉक्टर, एवढीच त्यांची ओळख सांगितली जाते. पण हा माणूस घडला कोठे? मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात, स्वयंसेवक म्हणून काम करताना.

त्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मित. वॉर्सा शहरातील एका सुखवस्तू ज्यू घरात १८७८ किंवा १८७९ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांनी नोंद वेळेवर केली नाही म्हणून साल नक्की सांगता येत नाही. वडील वकील, पण पुढे त्यांना मनोविकार जडला, घर खालावले, आणि शाळकरी हेन्रिकला शिकवण्या करून घराला हातभार लावावा लागला. लिहिण्यासाठी त्यांनी कोर्चाक हे टोपणनाव घेतले आणि तेच कायम राहिले.

१९०४ साली, वैद्यकीचे शिक्षण चालू असताना, ते मिहावुफ्का येथील शिबिरावर गेले. वॉर्साच्या कोंदट चाळींतील गरीब ज्यू मुलांना काही आठवडे मोकळी हवा, पोटभर अन्न व स्वच्छता मिळावी म्हणून एक संस्था ही शिबिरे भरवीत असे. मुले घरी यिद्दिश बोलत. कोर्चाक पोलिश भाषेत वाढलेले. आपल्याच देशात ते तेथे जवळजवळ परके होते. तीसएक मुले त्यांच्या हाती दिली गेली. खेळ, गोष्टी, गाणी अशी तयारी करून ते आले होते. पण कोणी कोठे झोपायचे, टॉवेल कोणाचा, जेवायला कोण कोणाशेजारी बसणार, याचा विचारच केलेला नव्हता. भांडणे तेथूनच सुरू झाली. रात्री अंधारात मुलांनी गोंगाट केला तेव्हा त्यांचा तोल गेला. त्यांनी एका मुलाचा कान पिळला, धमकावले. पुढे मुले कशी वाढवावी यावर ग्रंथ लिहिताना त्यांनी हा प्रसंग झाकला नाही. मोठ्या लेखकांत हे दुर्मीळच.

१९०७ साली ते पुन्हा मिहावुफ्काला गेले, पण वेगळ्या तयारीने. प्रत्येक मुलाचे नाव पाठ, जागा ठरलेल्या, कामे वाटलेली. तंटे सोडवायला मुलांचेच न्यायालय. १९०८ साली विल्हेल्मुफ्का येथे ख्रिस्ती पोलिश मुलांच्या शिबिरावरही त्यांनी असेच काम केले आणि दोन्ही शिबिरांवर मुलांसाठी एकेक पुस्तक लिहिले.

मधल्या काळात ते बालरुग्णालयात डॉक्टर होते. मुलाला बरे करून पुन्हा त्याच कोंदट खोलीत धाडायचे, याने त्यांचे समाधान होईना. १९१२ साली रुग्णालय सोडून त्यांनी क्रोख्माल्ना रस्त्यावरील ज्यू अनाथालयाचा कारभार घेतला. स्तेफानिया विल्चिन्स्का या बाई तेथे त्यांच्या सहकारी होत्या. रोजचा सगळा भार खरे तर त्यांच्यावर असे.

ॲरिस्टॉटलने सद्गुणाचे मूळ सवयीत पाहिले, हे आम्ही सेमिनरीत पाठ केले. कोर्चाकांनी ते केरसुणीपर्यंत नेले. अनाथालयात केरसुणी आणि फडके कोपऱ्यात लपवलेले नसे, ते मानाच्या जागी, सर्वांना दिसेल असे ठेवलेले असे. झाडणे, पुसणे, ताटे मांडणे या पाळ्या मुलांच्याच. नीट धुतलेले टेबल आणि सुवाच्य लिहिलेले पान यांची किंमत त्यांच्या लेखी सारखीच होती. दर आठवड्याला ते प्रत्येक मुलाचे वजन करीत, नोंद ठेवीत. मुलांची नखे व केस स्वतः कापीत. दुधाचा दात पडला की तो पैसे देऊन विकत घेत! स्वच्छतेवर भाषण कमी, हात जास्त. उष्टी भांडी तेही गोळा करीत. कोणते ताट तडकले आहे, कोणता चमचा वाकला आहे, हे त्याशिवाय कळत नाही असे त्यांचे मत होते.

१९२१ पासून अनाथालयाची स्वतःची उन्हाळी जागा झाली, वॉर्साजवळ गोत्सवावेक येथे. तिचे नाव रुझिच्का, म्हणजे छोटे गुलाब. जर्मनांनी देश घेतल्यानंतरही, १९४० च्या उन्हाळ्यात, ते मुलांना तेथे घेऊन गेले. ते शेवटचे शिबिर. त्याच वर्षी अनाथालयाला भिंतीआड, ज्यूंच्या बंदिस्त वस्तीत जावे लागले. तेथे उपासमार होती, टायफस होता. साठी ओलांडलेले, आजारी कोर्चाक पिशवी घेऊन मुलांसाठी दारोदार धान्य मागत फिरत. वजनांच्या नोंदी मात्र चालूच होत्या.

१८ जुलै १९४२ रोजी मुलांनी एक नाटक केले. ते आपल्या रवींद्रनाथांचे होते, ‘डाकघर’; खोलीत अडकलेल्या, मरणाच्या दारातील एका मुलाची ती कथा. चारच दिवसांनी वस्तीतून माणसे हलवण्यास सुरुवात झाली. कोर्चाकांना लपवण्याची तयारी मित्रांनी एकदा नव्हे, अनेकदा दाखवली होती. मुलांना सोडून जाण्यास त्यांनी नकार दिला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुले रांगेने स्टेशनाकडे निघाली. कोर्चाक, स्तेफानियाबाई आणि इतर कर्मचारी बरोबर होते. गाडी ट्रेब्लिंका येथे गेली. तेथून कोणी परतले नाही.

ट्रेब्लिंका येथे आज सुमारे १७,००० दगड उभे आहेत. अनेक दगडांवर गावांची नावे कोरलेली आहेत. माणसाचे नाव फक्त एकाच दगडावर आहे : यानुश कोर्चाक, आणि त्याखाली, मुले.